उलटे बसवलेले सेन्सर आणि कोसळलेलं रॉकेट : जायरोस्कोप तोल सांभाळतो म्हणजे नेमकं काय करतो?

2 जुलै 2013. कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट झेपावलं. त्यात ग्लोनास यंत्रणेचे तीन उपग्रह होते. ग्लोनास म्हणजे थोडक्यात रशियाचं जीपीएस. उड्डाणानंतर काही सेकंदांतच रॉकेट एका बाजूला झुकलं. मग दुसऱ्या बाजूला. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. रॉकेट आडवं झालं, हवेतच त्याचे तुकडे व्हायला लागले आणि साधारण अर्ध्या मिनिटात ते तळाजवळच जमिनीवर आदळलं. जीवितहानी झाली नाही, पण तिन्ही उपग्रह जळून खाक झाले.

इंजिन फुटलं नव्हतं, इंधनही गळालं नव्हतं. चौकशीत जे कारण पुढे आलं ते ऐकून अनेकांनी डोक्याला हात लावला. रॉकेट किती वेगाने वळतंय हे मोजणारे काही सेन्सर उलटे बसवले गेले होते. त्यांच्यावर बाण काढलेला असतो आणि तो रॉकेटच्या टोकाकडे असायला हवा. इथे तो खाली होता.

हे सेन्सर म्हणजे जायरोस्कोपच. 'जायरोस्कोप वस्तूंना स्थिर ठेवतो' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. मग याच यंत्राने एवढं मोठं रॉकेट पाडलं कसं? ते समजून घ्यायचं तर आधी भोवऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

जायरोस्कोप म्हणजे काय?

सर्वात साधा जायरोस्कोप म्हणजे वेगाने फिरणारं जड चाक. हे चाक एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये अडकवलेलं असतं. या कड्यांना गिंबल म्हणतात. बाहेरची चौकट कशीही वळवली, तिरकी केली, उलटी केली, तरी कड्या आपापल्या जागी फिरतात आणि आतल्या चाकाचा आस ज्या दिशेला होता त्याच दिशेला राहतो.

असं यंत्र जर्मन शास्त्रज्ञ योहान बोनेनबर्गर यांनी 1817 च्या सुमारास तयार केलं होतं. पण त्याला 'जायरोस्कोप' हे नाव दिलं फ्रेंच शास्त्रज्ञ लिओन फुको यांनी, 1852 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी फुको यांनी पॅरिसमध्ये एक लांबलचक लंबक टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना दाखवून दिलं होतं. तीच गोष्ट त्यांना आणखी एका पद्धतीने दाखवायची होती. चाकाचा आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहणार असेल, तर त्याच्याखालची पृथ्वी फिरताना आस हळूहळू सरकतोय असं दिसायला हवं. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर तसं दिसलंही.

नावाचा अर्थ इथे महत्त्वाचा आहे. ग्रीक भाषेत 'गायरोस' म्हणजे वर्तुळ, गिरकी आणि 'स्कोप' म्हणजे पाहणं. म्हणजे जायरोस्कोप हे मुळात धरून ठेवणारं यंत्र नव्हतं. ते फिरणं 'पाहणारं' यंत्र होतं. पुढे ही गोष्ट वारंवार समोर येईल.

फिरणारी वस्तू पडत का नाही?

भोवरा नुसता आरेवर उभा करायचा प्रयत्न केला तर तो लगेच आडवा होतो. जाळी गुंडाळून फिरवला की मात्र तोच भोवरा उभा राहतो. वजन तेच, आर तीच, गुरुत्वाकर्षणही तेच. बदलतं ते फक्त फिरणं.

सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूला जसा संवेग असतो, तसा फिरणाऱ्या वस्तूला कोनीय संवेग असतो. वस्तू जितकी जड, तिचं वजन आसापासून जितकं लांब आणि फिरण्याचा वेग जितका जास्त, तितका हा संवेग मोठा. त्याला दिशाही असते आणि ती आसाच्या रेषेत असते. बाहेरून पिरगळणारं बल लावल्याशिवाय ती दिशा बदलत नाही. जायरोस्कोपची 'दिशा धरून ठेवण्याची' ताकद इथून येते.

पण बल लावलंच तर? इथे खरी गंमत आहे. सायकलचं सुटं पुढचं चाक दोन्ही हातांनी आसाला धरून समोर ठेवलंय आणि कुणीतरी ते जोरात फिरवलंय, अशी कल्पना करा. वरचा भाग तुमच्यापासून पुढे जातोय. आता डावा हात वर आणि उजवा हात खाली करून चाक उजवीकडे कलवायचा प्रयत्न करा. चाक नुसतं कलत नाही. ते उजवीकडे वळू पाहतं, जणू कुणी हँडल वळवलंय.

असं का होतं, ते चाकाच्या धावेचा एक तुकडा पाहिला की कळतं. चाक उजवीकडे कलवताना सर्वात वरच्या तुकड्याला उजवीकडे धक्का बसतो. पण तो तुकडा आधीच वेगाने पुढे चाललेला असतो. त्यामुळे त्याची नवी वाट 'पुढे आणि थोडं उजवीकडे' अशी होते. खालचा तुकडा तुमच्याकडे येत असतो आणि त्याला डावीकडे धक्का बसतो. त्याची वाट 'मागे आणि थोडं डावीकडे' होते. दोन्ही एकत्र केलं की अख्खं चाकच उजवीकडे वळतं. धक्का दिला एका जागी, परिणाम दिसला पाव फेरा पुढे.

बल एका दिशेला आणि हालचाल त्याच्या काटकोनात, या प्रकाराला परांचन म्हणतात. भोवरा याचमुळे वाचतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, पण ती ओढ त्याला खाली पाडण्याऐवजी गोल डुलवत नेते. घर्षणाने भोवऱ्याचा वेग कमी झाला की हे डुलणं आणखी जलद आणि मोठं होतं आणि शेवटी तो लवंडतो. म्हणजे गुरुत्वाकर्षण कधीच थांबलेलं नसतं. फिरणं त्याला फक्त वेगळ्या वाटेला लावत असतं.

याचा मकरसंक्रांतीशी काय संबंध?

पृथ्वी हासुद्धा एक अवाढव्य भोवराच आहे. ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. सूर्य आणि चंद्र या फुगवट्याला ओढतात आणि त्यामुळे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे 26 हजार वर्षं लागतात. आज आस ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे. साधारण 12 हजार वर्षांनी तो अभिजित ताऱ्याच्या जवळपास असेल.

आपण संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला साजरी करतो. सूर्याचं उत्तरायण मात्र प्रत्यक्षात 21-22 डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. मधल्या तीन आठवड्यांचा फरक हा या डुलण्याचाच हिशोब आहे. पंचांग राशी मोजतं ताऱ्यांच्या आधाराने आणि ऋतू ठरतात पृथ्वीच्या आसामुळे. आस डुलत असल्याने दोघांमध्ये दर 72 वर्षांना सुमारे एका दिवसाचं अंतर पडत जातं.

सायकल जायरोस्कोपमुळेच उभी राहते का?

शाळेत अनेकांना हेच सांगितलं जातं की चाकं फिरतात, त्यांचा जायरोस्कोप होतो, म्हणून सायकल पडत नाही. हे पूर्ण खरं नाही.

ब्रिटनमधले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी 1970 मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी उलट्या दिशेने फिरणारं दुसरं चाक लावलं. दोन्ही चाकांचे जायरोस्कोपिक परिणाम एकमेकांना मारक ठरले, तरी सायकल चालवता आली. 2011 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात आणखी पुढचा प्रयोग मांडला. त्यांच्या खास सायकलमध्ये जायरोस्कोपिक परिणाम जवळजवळ शून्यावर आणलेला होता. तरीही ढकलून दिल्यावर ती कुणी न बसता स्वतःचा तोल सांभाळत गेली.

सायकल टिकते कारण ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचं हँडल वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. फिरणाऱ्या चाकाचं परांचन या वळण्याला मदत करतं, पण ते एकमेव कारण नाही. कलणं आधी लक्षात यायला हवं आणि मग ते दुरुस्त व्हायला हवं, तेव्हाच तोल सांभाळला जातो.

चाकाच्या जोरावर तोल सांभाळणारी यंत्रं आहेत का?

आहेत, पण तुलनेने कमी. 1932 मध्ये सेवेत दाखल झालेल्या 'कोंटे दी सावोया' या इटालियन प्रवासी जहाजात तीन अजस्र जायरोस्कोप बसवले होते. लाटेमुळे जहाज बाजूला झुकू लागलं की आतलं चाक काटकोनात, म्हणजे जहाजाच्या पुढे-मागे कलतं आणि त्या कलण्यातून तयार होणारं बल झुकण्याला विरोध करतं. अवाढव्य जहाजांसाठी ही पद्धत फार जड आणि महाग ठरली. लहान यॉटवर मात्र ती आजही वापरली जाते.

सर्वात मोठं उदाहरण डोक्यावरून फिरतंय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं वजन 400 टनांहून जास्त आहे. त्याची दिशा राखण्यासाठी चार मोठे जायरोस्कोप आहेत. प्रत्येकातलं पोलादी चाक सुमारे 100 किलोचं आहे आणि ते मिनिटाला 6,600 फेरे घेतं. या चाकांचे आस वळवले की त्याची प्रतिक्रिया म्हणून स्थानक वळतं. त्यामुळे प्रत्येक छोट्या हालचालीसाठी इंधन जाळावं लागत नाही. वीज सौर पॅनेलमधून मिळते, इंधन मात्र पृथ्वीवरून न्यावं लागतं. म्हणून ही बचत मोठी आहे.

विमानात जायरोस्कोप का लागतो?

फुगडी घालून थांबलं की आजूबाजूचं घर फिरताना दिसतं. याचं कारण कानात आहे. आतल्या कानात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला 'आपण वळतोय' असा संदेश जातो. पण आपण एकाच वेगाने वळत राहिलो तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतो आणि वळल्याची जाणीवच नाहीशी होते. थांबल्यावर द्रव मात्र फिरत राहतो आणि मेंदू फसतो.

जमिनीवर याची मजा वाटते. ढगात शिरलेल्या वैमानिकासाठी तो जिवाशी खेळ ठरतो. क्षितिज दिसत नाही आणि विमान हळूहळू एका बाजूला कलतंय हे कान सांगत नाही. वैमानिकाला वाटतं की सगळं सरळ चाललंय. त्याने विमान खरोखर सरळ केलं तर उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं, म्हणून तो पुन्हा चुकीकडे वळतो. विमानं नवीन होती तेव्हा अनेक वैमानिक असेच गेले.

यावरचा उपाय म्हणजे न फसणारा 'कान', अर्थात जायरोस्कोप. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून विमान उडवलं. त्यांची कॉकपिट पूर्ण झाकलेली होती आणि बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. समोर होती फक्त उपकरणं. त्यात जायरोस्कोपवर चालणारं कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक होता. खबरदारी म्हणून दुसऱ्या कॉकपिटमध्ये आणखी एक वैमानिक बसला होता, पण त्याला हस्तक्षेप करावा लागला नाही. डूलिटल यांनी केवळ उपकरणं पाहून उड्डाण केलं, चक्कर मारली आणि विमान उतरवलं. आज ढगातून जाणारं प्रत्येक प्रवासी विमान याच तत्त्वावर विसंबून आहे. वैमानिकांना प्रशिक्षणात एक गोष्ट ठसवून सांगितली जाते. शरीर काय सांगतंय त्यावर नाही, उपकरणांवर विश्वास ठेवा.

त्याही आधी, जून 1914 मध्ये, पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या 21 वर्षांच्या तरुणाने पुढची पायरी गाठली होती. त्याच्या विमानात जायरोस्कोप कल ओळखायचे आणि त्यांना जोडलेली यंत्रणा पंखांवरच्या झडपा आपोआप हलवायची. परीक्षकांसमोरून जाताना स्पेरीने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन वाढूनही विमान सरळच राहिलं. हा ऑटोपायलटचा जन्म होता.

स्पेरीचं विमान चाकाच्या ताकदीने सरळ राहिलं नव्हतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. एवढ्या लहान चाकात तेवढा जोर नव्हताच. चाकाने फक्त किती कललंय ते सांगितलं आणि काम झडपांनी केलं.

मोबाइलमध्ये फिरणारं चाक कुठे आहे?

कुठेच नाही. आज जगात सर्वात जास्त जायरोस्कोप मोबाइलमध्ये आहेत आणि त्यांच्यात काहीच फिरत नाही. त्याऐवजी सिलिकॉनचा अतिशय सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे थरथरत असतो.

बागेतल्या फिरत्या मेरी-गो-राउंडवर कडेकडून मध्याकडे चालायचा प्रयत्न केलाय? कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं. यालाच कोरिओलिस परिणाम म्हणतात. फोन वळला की थरथरणाऱ्या तुकड्यालाही असाच बाजूला धक्का बसतो. तो किंचित सरकतो, त्यामुळे विद्युतधारकता बदलते आणि चिप त्यावरून फोन किती वेगाने वळतोय हे काढते. फोटो काढताना हात थरथरला तर अनेक फोनमध्ये याच माहितीवरून लेन्स उलट दिशेला हलवली जाते आणि फोटो स्पष्ट येतो.

ही युक्ती निसर्गाकडे आधीपासून होती. घरमाशीला मागच्या पंखांच्या जागी गदेच्या आकाराचे दोन छोटे अवयव असतात. उडताना ते पंखांसोबत वरखाली होतात आणि माशी वळली की त्यांच्यावर पडणारा बाजूचा ताण तिला कळतो. हे अवयव काढले तर माशीला नीट उडता येत नाही.

अंतराळयानांत आणि विमानांत तिसरा प्रकार वापरतात, तो म्हणजे लेसर जायरोस्कोप. बंद वाटेवरून लेसरचे दोन किरण विरुद्ध दिशांनी सोडले जातात. यान वळत असेल तर एका किरणाला किंचित जास्त आणि दुसऱ्याला किंचित कमी अंतर कापावं लागतं. या फरकावरून वळण्याचा वेग कळतो. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3 च्या लँडरमध्येही लेसर जायरोस्कोपवर आधारित यंत्रणा होती.

जायरोस्कोप चुकू शकतो का?

हो. बहुतेक आधुनिक जायरोस्कोप 'आपण कुठे पाहतोय' हे सांगत नाहीत. ते 'आपण किती वेगाने वळतोय' एवढंच सांगतात. दिशा काढण्यासाठी संगणकाला ते आकडे सतत जोडत जावं लागतं. प्रत्येक आकड्यात बारीकशी चूक असली तरी ती साठत जाते, जशी दिवसाला दोन सेकंद पुढे धावणारं घड्याळ महिन्याने मिनिटभर पुढे गेलेलं असतं. म्हणून जायरोस्कोपला अधूनमधून दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घ्यावी लागते. फोन ती गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय क्षेत्रावरून करतो, अंतराळयान ताऱ्यांवरून.

शिवाय ते झिजतात. हबल दुर्बिणीतल्या जायरोस्कोपचं चाक मिनिटाला 19,200 फेरे घेतं. हे चाक बंद नळकांड्यात असतं, नळकांडं दाट द्रवात तरंगतं आणि त्याला वीज पोहोचते ती केसाहून बारीक तारांमधून. या तारा झिजून तुटतात. नोव्हेंबर 1999 मध्ये सहापैकी चौथा जायरोस्कोप बंद पडला तेव्हा हबलचं काम पूर्ण थांबलं आणि अंतराळवीरांना जाऊन दुरुस्ती करावी लागली. 2009 मध्ये शेवटची दुरुस्ती झाली, तेव्हा सहाही नवे बसवले. त्यानंतर स्पेस शटल निवृत्त झालं आणि दुरुस्तीची सोयच उरली नाही.

मे 2024 मध्ये आणखी एक जायरोस्कोप चुकीचे आकडे द्यायला लागला. तेव्हा चालू स्थितीत दोनच उरले. नासाने एकावर काम चालवायचं आणि दुसरा राखून ठेवायचा असं ठरवलं. हबलला वळवणारी चाकं वेगळी आहेत आणि ती व्यवस्थित आहेत. म्हणजे वळायची ताकद शाबूत आहे, पण किती वळलो हे सांगणारा एकच उरलाय. त्यामुळे दुर्बिणीला नव्या लक्ष्यावर स्थिरावायला जास्त वेळ लागतो आणि मंगळापेक्षा जवळून जाणाऱ्या वस्तूंचा माग काढता येत नाही.

मग प्रोटॉनच्या बाबतीत नेमकं काय चुकलं?

आता बैकोनूरला परत येऊ. उभं रॉकेट म्हणजे तळहातावर उभी केलेली काठी. ते स्वतःहून सरळ राहत नाही. जायरोस्कोप कलण्याची सूचना देतो, संगणक हिशोब करतो आणि इंजिनांची दिशा बदलून कल मोडून काढला जातो. हे चक्र अखंड चालू असतं.

त्या दिवशी रॉकेट डावीकडे वळू लागलं की उलटे सेन्सर सांगायचे 'उजवीकडे वळतोय'. संगणकाने त्यावर विश्वास ठेवला आणि रॉकेट आणखी डावीकडे ढकललं. दुरुस्ती म्हणून दिलेला प्रत्येक धक्का चूक वाढवत गेला. एक सेन्सर बिघडला तर दुसरे सावरतील म्हणून असे सेन्सर एकापेक्षा जास्त लावतात. पण एकाच तऱ्हेने उलटे बसवलेले सेन्सर एकमेकांची चूक पकडू शकत नाहीत. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही ते पकडले गेले नाहीत, कारण सेन्सर बिघडलेले नव्हतेच. ते अचूक मोजत होते, फक्त उलट बाजूने. तपासात असंही दिसलं की तो भाग उलटा सहज बसत नाही. तो जोर लावून बसवल्याच्या खुणा अवशेषांवर सापडल्या.

भोवऱ्यात आणि अंतराळ स्थानकात चाकाचं फिरणं थेट कामाला येतं. बाकी जवळपास सगळीकडे, विमानात, मोबाइलमध्ये, हबलमध्ये आणि रॉकेटमध्ये, जायरोस्कोप कुणाला धरून ठेवत नाही. तो फक्त सांगतो आणि सावरतं दुसरंच कुणी. त्याने खरं सांगितलं तर वैमानिक डोळे झाकून विमान उतरवू शकतो. त्याच्यावरचा बाण उलटा असेल, तर पूर्ण ताकदीने चालणारी इंजिनंच रॉकेटला जमिनीकडे घेऊन जातात.